बडोद्याचा उन्हाळा, प्रवासातला मेकअप आणि मंगळबाजारातली खरेदी

लग्नसराई आणि शाळेच्या सुट्ट्या एकदमच येतात, त्यामुळे पुण्या-मुंबईच्या नातलगांचं बडोद्याला येणं होतं ते बहुधा एप्रिल-मेमध्येच. दांडिया बाजारात किंवा रावपुऱ्यात कुणाकडे तरी कार्य असतं, मग एक दिवस लक्ष्मीविलास पॅलेस, एक दिवस पावागड, जमलं तर सरदार पटेलांच्या पुतळ्याचं केवडिया, आणि उरलेल्या संध्याकाळी मंगळबाजार. येणारीच्या बॅगेत मेकअपचा भरगच्च पाऊच असतो आणि दुसऱ्या दिवशी त्यातलं अर्धं सामान तसंच पडून राहतं, कारण तो पाऊच मुंबई-पुण्याच्या हवेसाठी भरलेला असतो. इथली हवा वेगळी आहे. सोबत काय आणायचं, इथे काय घ्यायचं, ते कसं पारखायचं आणि कसं लावायचं, हे सगळं क्रमाने सांगते. माझं मत आधीच सांगते: उन्हाळ्याच्या प्रवासात निम्मे पैसे आणि निम्म्याहून जास्त लक्ष उन्हापासून बचाव करण्यावर जायला हवं. रंगाचं सामान त्यानंतर.

आधी हवा ओळखा

मे महिन्यात बडोद्याचा पारा सहज चाळिशी ओलांडतो. पण नुसत्या पाऱ्यावर जाऊ नका. एप्रिलमध्ये आणि मेच्या पहिल्या पंधरवड्यात इथली दुपार कोरडी असते. घाम येतो, पण लगेच उडून जातो आणि मागे मिठाचा थर राहतो. चेहरा धुतल्यावर पाच मिनिटांत ओढल्यासारखा वाटतो. अशा चेहऱ्यावर मॅट फाउंडेशन आणि वर कॉम्पॅक्ट चढवला की दुपारपर्यंत नाकाच्या बाजूला पापुद्रे सुटतात आणि हसताना ओठांजवळ रेघा उमटतात. मुंबईत पारा तेहतीस-चौतीसच असतो, पण घाम वाळतच नाही, त्यामुळे तिथे सगळं घसरून खाली येतं. मे संपत आला की खंभातच्या आखाताकडून दमट वारा यायला लागतो आणि बडोद्याचीही हवा चिकट होते.

म्हणून निघण्यापूर्वी फोनवर तापमानासोबत दुपारची आर्द्रताही बघा. माझा ठोकताळा असा: आर्द्रता तिशीच्या आसपास असेल तर मॉइश्चरायझर हवं आणि पावडर अगदी नावापुरती, साठीच्या वर असेल तर जेल आणि थोडी जास्त पावडर.

उन्हाचंही एक गणित आहे. कर्कवृत्त बडोद्याच्या थोडं उत्तरेकडून जातं, त्यामुळे मेच्या अखेरीस आणि जूनच्या सुरुवातीला भर दुपारी सूर्य जवळजवळ थेट डोक्यावर असतो. आपली घड्याळं देशाच्या एकाच वेळेवर चालतात, म्हणून बडोद्यात सूर्य माथ्यावर येतो तो साडेबाराच्या सुमारास. त्यामुळे बारा वाजले की ऊन उतरणीला लागलं असं इथे धरू नका. अकरा ते साडेतीन हा खरा कडक वेळ. नाकाचा शेंडा, गालाची हाडं, केसांचा भांग आणि खांदे यांच्यावर ऊन सरळ पडतं, आणि या सगळ्यात भांग हमखास विसरला जातो. घड्याळ नसेल तर सावली बघा: आपली सावली आपल्या उंचीपेक्षा आखूड असेल तेवढा वेळ ऊन जोरात आहे.

निघण्यापूर्वी

नवं फेशियल, ब्लीच किंवा पील निघायच्या तोंडावर करू नका. ॲसिडचं सीरम किंवा रेटिनॉल वापरत असाल तर उन्हात फिरायच्या दिवसांत ते बंद ठेवा, कारण अशी त्वचा उन्हाने लवकर भाजते. टॅन घालवायला लिंबाचा रस चोळण्याची सवय अनेक घरांत आहे. ती उन्हाळ्यात तर अजिबात नको. लिंबाचा रस अंगावर असताना ऊन लागलं की तिथे फोड येऊ शकतात आणि नंतर काळपट डाग आठवडेच्या आठवडे राहतात.

पाऊचमध्ये माझ्या मते एवढंच पुरतं: सनस्क्रीन, साधं बिनवासाचं मॉइश्चरायझर, काजळ, ओठांना आणि गालांना दोन्हीकडे चालेल अशी एक लिपस्टिक, छोटी लूज पावडर, तेल टिपायचे कागद, दोन सुती रुमाल आणि कॅलामाइन लोशन. कार्याला यायचं असेल तर रोजच्या वापरातलं फाउंडेशन छोट्या डबीत काढून घ्या. नवं फाउंडेशन प्रवासात आजमावू नका.

सामान उन्हात तापलेल्या गाडीत कधीच सोडू नका. लिपस्टिक मऊ पडून टोपणाला चिकटते, तो तोटा डोळ्यांना दिसतो. सनस्क्रीनही उष्णतेने बिघडतं आणि ते मात्र दिसत नाही. ट्यूब पिळल्यावर आधी पाणी आणि मग क्रीम आलं तर ती टाकून द्या.

मुंबई ते बडोदा रेल्वेने साधारण ३९० किलोमीटर आहे. एसी डब्यातली खिडकीची जागा घेतलीत तरी सनस्क्रीन लावूनच बसा. साध्या काचेतून भाजणारे किरण अडतात, पण त्वचा काळवंडवणारे आणि सुरकुत्या आणणारे यूव्हीए किरण बरेचसे आत येतात.

सनस्क्रीन: किती आणि कसं

इथे मी जरा थांबणार आहे, कारण सगळ्यात जास्त गोंधळ इथेच दिसतो. एसपीएफ ३० असलेलं सनस्क्रीन भाजणाऱ्या यूव्हीबी किरणांपैकी सुमारे ९७ टक्के अडवतं, एसपीएफ ५० सुमारे ९८ टक्के. म्हणजे फरक थोडाच. खरा फरक पडतो तो आपण किती लावतो याने. डब्यावरचा आकडा त्वचेच्या दर चौरस सेंटिमीटरला २ मिलिग्रॅम एवढा थर देऊन काढलेला असतो आणि आपण बहुतेकजणी त्याच्या निम्मंही लावत नाही. तर्जनी आणि मधलं बोट, दोन्हींवर बुडापासून टोकापर्यंत एकेक रेघ काढा. तेवढं चेहरा आणि गळ्याला लागतं. कान, मानेची मागची बाजू आणि पावलांचा वरचा भाग यांना वेगळं घ्या. चपलेच्या पट्ट्यांचे पांढरे पट्टे पायावर घेऊन परत जाणाऱ्या पाहुण्या मी दरवर्षी बघते.

क्रम असा ठेवा. चेहरा धुऊन टिपा आणि थोडा ओलसर असतानाच मॉइश्चरायझर लावा. पाच मिनिटांनी एका बोटाचं सनस्क्रीन लावा, ते बसलं की दुसऱ्या बोटाचं. दोन थरांत लावलं की पांढुरकं दिसत नाही आणि गोळेही होत नाहीत. मग पंधरा-वीस मिनिटं घरातच काढा, त्या वेळात केस, साडी, डबा आवरून होतो. बाहेर असलात तर दर दोन तासांनी पुन्हा लावा. वर मेकअप असेल तर आधी कागदाने तेल टिपा, मग सनस्क्रीन तळहातावर पसरून चेहऱ्यावर थोपटत लावा. चोळलं की खालचं सगळं निघतं.

डब्यावर एसपीएफशेजारी पीए आणि त्यापुढे अधिकची चिन्हं असतात, ती यूव्हीए किरणांसाठी. तीन किंवा चार चिन्हं असलेलं घ्या. ज्यांना वांग आहे त्यांनी रंग मिसळलेलं सनस्क्रीन घ्यावं. त्यातलं आयर्न ऑक्साइड डोळ्यांना दिसणारा प्रकाशही अडवतं, आणि वांग वाढायला तो प्रकाशही कारण होतो. हे सनस्क्रीन तुमच्या वर्णाशी जुळलं तर दिवसा फाउंडेशनची गरजच राहत नाही. प्रवासात जागा वाचवणारी याहून चांगली वस्तू मला ठाऊक नाही.

मंगळबाजार

न्यायमंदिराच्या बाजूने लहरीपुरा दरवाजातून आत शिरलं की मांडवीकडे जाताना मंगळबाजार लागतो. ऊन उतरल्यावर, सहानंतर जा. गर्दी असेल, पण दुपारी जाऊन हाल करून घेण्यापेक्षा ती परवडली. भाव करायचा असतो, आणि तो गुजरातीत केला तर जास्त जमतो. "शुं भाव, बेन?" आणि "थोडुं ओछुं करो ने" एवढं आलं तरी काम होतं.

सगळ्यात आधी घ्या तो सुती स्कार्फ आणि कोपराच्या वर जाणारे सुती हातमोजे. इथल्या दुचाकीवरच्या मुली डोळे सोडून सगळं डोकं-तोंड गुंडाळून जातात, आणि त्याला तोड नाही. स्कार्फ पारखायला तो दिव्यासमोर धरा. पलीकडचा दिवा स्वच्छ दिसला तर वीण विरळ आहे, ऊनही तसंच आत येईल. घट्ट विणीचा आणि थोड्या गडद रंगाचा घ्या. तुमच्या डोळ्यांसमोर दुकानदार पांढरं तलम मलमल नाचवेल, ते हाताला छान लागतं, पण घामाने ओलं झालं की ऊन आणखीच कमी अडवतं. घरी आणून एकदा धुवा आणि मगच चेहऱ्याला लावा. कच्चा रंग आणि कांजी दोन्ही घामोळ्यांना निमंत्रण देतात.

त्यानंतर टिकली. उन्हाळ्यात टिकली लावून कपाळावर खाज येते, काहींना तिथे पांढरा डाग पडतो. याचं कारण बहुधा चिकट गोंदातलं एक रसायन असतं, पॅरा-टर्शरी-ब्यूटिलफिनॉल, आणि घामाने त्याचा त्रास वाढतो. रोज तीच टिकली आरशावर चिकटवून पुन्हा वापरू नका, रात्री काढून ठेवा आणि कपाळ लाल दिसलं की टिकली बंद. आपल्या आज्यांची मेण लावून कुंकू टेकवण्याची रीत उन्हाळ्यात फार चांगली चालते, घाम आला तरी कुंकू ओघळत नाही. फक्त कुंकू हळदीचं हवं. हळदीला चुन्यासारख्या क्षाराचा संस्कार झाला की ती लाल होते, आणि त्या लालीत थोडा तपकिरी-केशरी छटेचा मंदपणा असतो. भडक, चकचकीत लाल किंवा गुलाबी दिसलं तर त्यात रंग घातलेला आहे, ते चेहऱ्यासाठी घेऊ नका.

काजळ घ्यायचं तर बंद पाकिटातलं आणि नाव-पत्ता असलेलंच. सुट्ट्या डबीतला सुरमा डोळ्यांत घालू नका, लहान मुलांच्या तर नाहीच. पारंपरिक सुरम्यात शिशाचं खनिज असण्याचा संभव असतो आणि शिसं शरीरात साठत जातं. गोरं करणाऱ्या बिननावाच्या क्रीमचंही तसंच. आठवड्यात रंग उजळला तर त्यामागे बहुतेक वेळा पारा किंवा स्टिरॉइड असतं. अशी डबी कितीही स्वस्त मिळाली तरी हात लावू नका.

नामांकित कंपन्यांच्या नावाचा नकली माल बाजारात असतोच, कुठल्याही शहराच्या बाजारात असतो. दुकानातल्या उजेडात पुढची तपासणी करा, दोन मिनिटांचं काम आहे:

१. बॅच नंबर, उत्पादनाचा महिना आणि वापरण्याची मुदत छापलेली आहे का, आणि खोक्यावरचा व आतल्या वस्तूवरचा बॅच नंबर एकच आहे का ते जुळवा. नकली मालात बरेचदा इथेच घोळ सापडतो.

२. उत्पादकाचा पूर्ण पत्ता आणि उत्पादन परवान्याचा क्रमांक बघा. परदेशी मालावर आयातदाराचं नाव-पत्ता आणि नोंदणी क्रमांक हवा. कायद्याने हे सगळं बंधनकारक आहे.

३. घटकांची यादी वाचा. जे जास्त ते आधी लिहिलेलं असतं. गुलाबपाणी म्हणून घेताय आणि यादीत नुसतं पाणी, सुवास आणि रंग असेल तर तो गुलाब नव्हे.

४. उघड्या डबीचं छोटं चित्र आणि त्यात ६ किंवा १२ असा आकडा असतो, तो उघडल्यानंतर किती महिने वापरायचं ते सांगतो.

एमआरपीच्या निम्म्या किमतीत नवीकोरी लिपस्टिक मिळत असेल तर आधी मुदत बघा, मग छपाई. अक्षरं पुसट, शब्दांत चुका, टोपण सैल, असं काही दिसलं की परत ठेवा.

लिपस्टिक किंवा काजळ आजमावायचं ते दंडाच्या आतल्या बाजूला, दुकानातली ठेवणीतली कांडी ओठांना लावून कधीच नाही. एक रेघ काढा आणि बाजारात अर्धा तास फिरा. घाम येईल तेवढा येऊ द्या, मग रुमालाने एकदाच पुसा. पसरून डाग झाला तर ती कार्याला टिकणार नाही. रेघ जागेवर राहिली तर परत येऊन घ्या.

ऑक्सिडाइज्ड दागिन्यांसाठी मंगळबाजार प्रसिद्ध आहे आणि नवरात्राशिवायही ते मिळतात. घामाने त्यातलं निकेल सुटतं आणि कानामागे, गळ्याला पुरळ येतं. ज्यांना आधी असा त्रास झालाय त्यांनी मागच्या बाजूला बिनरंगाच्या नेलपॉलिशचे दोन हात द्यावेत. एका संध्याकाळीपुरतं तेवढं पुरतं.

मेंदी, अत्तर, गजरा

खऱ्या मेंदीचा रंग आधी नारिंगी येतो आणि एक-दोन दिवसांत गडद होत तांबूस-तपकिरी होतो. तासाभरात काळी होणारी मेंदी म्हणजे त्यात केसांच्या डायमधलं पीपीडी घातलेलं असतं. माझ्या भाचीला एका लग्नात अशा काळ्या कोनाने तिसऱ्या दिवशी हातावर फोड आले, ते नेमके नक्षीच्या रेषांवर, जणू कुणी फोडांनीच वेलबुट्टी काढली होती. एकदा पीपीडीची ॲलर्जी बसली की पुढे आयुष्यभर केसांचा डायही चालत नाही. ताज्या मेंदीचा कोन फ्रिजमध्ये ठेवावा लागतो. बाहेर महिनोन् महिने टिकतो असं विकणारी बाई सांगत असेल तर नको म्हणा. मेंदी कार्याच्या दोन दिवस आधी काढा.

अत्तर घेताना खस आणि मोगरा, उन्हाळ्याचे हे दोन. कापसाच्या बोळ्यावर थेंब घेऊन वीस मिनिटं थांबा. पहिला दर्प सगळ्यांचाच छान असतो, टिकतो तो वेगळा. उन्हात जाताना गळ्याला अत्तर लावू नका, काही सुगंधी तेलांनी उन्हात त्वचेवर डाग पडतात. सुती कपड्याच्या आतल्या शिवणीला लावा. रेशमावर मात्र तेलाचा डाग पडतो, पैठणीपासून दूर ठेवा.

गजऱ्यासाठी खंडेराव मार्केट. मोगऱ्याचा हाच हंगाम आहे. संध्याकाळच्या कार्याला पूर्ण उमललेली फुलं घेऊ नका, कळ्यांचा गजरा घ्या आणि ओल्या सुती फडक्यात गुंडाळून ठेवा. माळल्यावर दोन-तीन तासांत तो डोक्यावरच उमलतो.

फिरायचा दिवस

पावागडला सकाळी लवकर निघा. रोपवेने वर गेलात तरी पायऱ्या राहतातच, आणि खाली चांपानेरच्या दगडी वास्तूंमध्ये दुपारी उभं राहवत नाही. चांपानेर-पावागड २००४ पासून जागतिक वारसा यादीत आहे, घाईत बघण्यासारखी जागा नाही, म्हणून चांपानेर सकाळी आणि डोंगर त्याआधी. केवडियाला मोकळं आवार मोठं आहे, तिथे छत्रीला पर्याय नाही.

या दिवशी चेहऱ्यावर फक्त सनस्क्रीन, ओठांना एसपीएफ असलेलं बाम आणि वरच्या पापणीच्या कडेला काजळ. खालच्या पापणीत नको, धूळ आणि घाम दोन्ही डोळ्यांत जातात. घाम पुसायचा नाही, टिपायचा. संध्याकाळी घरी आल्यावर आधी तेलाने किंवा क्लेन्झिंग बामने सनस्क्रीन सोडवा, मग सौम्य फेसवॉश. मुलतानी माती लावायचीच असेल तर दही घालून, पाच-सात मिनिटं, आणि पूर्ण वाळायच्या आत धुवा. कोरड्या हवेत ती वाळून तडकेपर्यंत ठेवली तर चेहरा आणखी ओढतो.

संध्याकाळचं कार्य

उन्हातून आल्या आल्या मेकअपला बसू नका. गार पाण्याने तोंड धुवा, पंख्याखाली वीस मिनिटं बसा, चेहऱ्याची लाली उतरू द्या. नाहीतर फाउंडेशनचा रंग चुकीचा निवडला जातो आणि नंतर चेहरा राखेसारखा दिसतो. मॉइश्चरायझर मुरल्यावर फाउंडेशन फक्त नाकाच्या बाजूला, हनुवटीवर आणि डाग असतील तिथे ओल्या स्पंजने थोपटा. सगळ्या चेहऱ्यावर थर देण्याची गरज नाही, आणि जेवढं कमी तेवढं फुटायला कमी. लिपस्टिकचा ठिपका गालावर बोटाने पसरवा. मग पावडर, तीही नाकावर, डोळ्यांखाली आणि कपाळाच्या मध्यावर. काजळ ओढून त्यावर त्याच रंगाची आयशॅडो बारीक ब्रशने दाबा, पंगत उठेपर्यंत हलत नाही. ओठांवर लिपस्टिक लावून कागदाने टिपा आणि पुन्हा लावा. नथ असेल तर नाकाच्या त्या बाजूला पावडर नको, नथीच्या दांडीला चिकटून तिथे पांढरी रेघ उमटते.

इथून पुढे मुंबई किंवा कोकण

क्रम तोच, प्रमाण उलटं. क्रीमऐवजी जेल मॉइश्चरायझर, फाउंडेशन जवळजवळ नाही, पावडर थोडी जास्त, आणि काजळ वॉटरप्रूफ. समुद्रात जाणार असाल तर पाण्यात टिकणारं सनस्क्रीन घ्या आणि बाहेर आल्यावर दोन तासांची वाट न बघता लगेच पुन्हा लावा. इथून घेतलेलं अत्तर तिथे अर्ध्या थेंबानेही पुरतं, दमट हवेत वास जड होतो.

काही लागलं तर

नवी वस्तू चेहऱ्याला लावण्याआधी कोपराच्या आत लावून एक-दोन दिवस बघायचा नियम प्रवासातही सोडू नका. तेवढा वेळ नसेल तर ती वस्तू घरी जाऊनच उघडा. पुरळ किंवा जळजळ आली तर सगळं धुऊन टाका, गार ओली पट्टी ठेवा, कॅलामाइन लावा आणि दोन दिवस सनस्क्रीनऐवजी स्कार्फ आणि छत्रीवर भागवा. केमिस्टकडून विचारून आणलेली स्टिरॉइडची ट्यूब चेहऱ्याला लावू नका, चार दिवस बरं वाटतं आणि मग दुप्पट उफाळतं. फोड, डोळ्यांची सूज किंवा ओठ सुजणं असेल तर थेट त्वचारोगतज्ज्ञाकडे जा, आणि जाताना ती डबी खोक्यासकट सोबत न्या. डॉक्टर सगळ्यात आधी घटकांची यादीच मागतात.